काळी साय

हिराजी तांडेलांच्या पागेत, म्हणजे फेकजाळ्यात, जिताडा लागला, ही बातमी दुपार व्हायच्या आत अख्ख्या तिवरपाड्यात पसरली. मासा काही फार मोठा नव्हता, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढाच. पण तिवरपाड्याच्या खाडीत जिताडा दिसून इतकी वर्षं लोटली होती, की जेट्टीवर जमलेल्या पोरांना त्याचं नाव सांगावं लागलं. हिराजींनी तो विकला नाही. घरी आणून अंगणातल्या फळीवर ठेवला आणि आत हाक मारली.

"हर्षाली, भायेर ये गो. बघ काय आलाय."

हर्षाली बाहेर आली. माशाकडे बघत ती बराच वेळ उभीच राहिली. मग तिने सुरी मागून घेतली, पोटाकडचा एक तुकडा कापला आणि काचेच्या डबीत ठेवला.

"आधी तपासते, आबा. तोवर कुणी खायचा नाही."

"तपास की. एवढी वर्षं थांबलो, अजून एक दिवस."

दुसऱ्या दिवशी ती खाडीकाठच्या शुद्धीकरण केंद्रातून आली तीच हसत. मासा स्वच्छ होता. शिसं, कॅडमियम, पारा, सगळं मर्यादेच्या खूप खाली. हिराजींनी त्याचं कालवण केलं, शेजारपाजाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास स्वतः खाल्ला. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "माझ्या पोरीनं सांगितलाय," ते म्हणाले, "खायला हरकत नाय." मग बाकीच्यांनी हात पुढे केले.

तिवरपाड्याच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत होती. धातूवर मुलामा चढवणारे, जुन्या बॅटऱ्या फोडणारे, रंग बनवणारे असे शेकडो कारखाने. त्यांचं पाणी नाल्यातून खाडीत यायचं. कधी पिवळं, कधी हिरवट, कधी इतकं नितळ की काहीच नाही असं वाटावं, आणि तेच सगळ्यात वाईट असायचं. हर्षाली शाळेत असताना खाडीतले मासे विकायला बंदी आली. ती कॉलेजात असताना तिची आई मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. डॉक्टरांनी कारण लिहिताना कॅडमियमचा उल्लेख केला नव्हता, पण हर्षालीने तोवर पुरेसं वाचलं होतं. तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. पुढे ती ज्यांच्या हाताखाली काम करत होती त्या डॉ. अनुपमा रेगे यांनी तयार केलेल्या जिवाणूंचा पहिला मोठा प्रयोग कुठे करायचा हे ठरत होतं, तेव्हा तिने हट्ट धरून तो आपल्या गावी आणला.

धातूंची एक अडचण असते. सांडपाण्यातली घाण जिवाणू खाऊन टाकतात. सांडलेलं तेलसुद्धा खातात, त्याचे तुकडे करतात, वायू करून सोडून देतात आणि ते संपतं. शिसं संपत नाही. ते मूलद्रव्य आहे. त्याला कुणी पचवू शकत नाही, फक्त एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येतं. डॉ. रेगेंचे जिवाणू एवढंच काम करायचे, पण अफाट वेगाने. त्यांच्या पेशीच्या भिंतीवर ऋण विद्युतभार असतो आणि पाण्यात विरघळलेल्या धातूवर धन. धातू भिंतीला येऊन चिकटतो, तिथून आत ओढला जातो, आणि आत गंधकाने भरलेलं एक चिमुकलं प्रथिन त्याला मुठीत पकडून ठेवतं. या जिवाणूंच्या जोडीला दुसरी एक जमात होती. ती तळाच्या चिखलात राहायची आणि उरलेल्या धातूची न विरघळणारी काळी भुकटी करायची. नाल्याचं पाणी खाडीत पडण्याआधी खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, बांधलेल्या मोठमोठ्या तलावांतून फिरवलं जाई. तलावांवर जिवाणूंचा जाड, काळसर थर धरायचा. केंद्रात काम करणारी गावची माणसं त्याला साय म्हणत. यंत्राने साय काढायची, वाळवायची, आम्लात धुवायची, आणि त्या आम्लातून वीज सोडून एकेक धातू वेगळा करायचा. खाली उरे ते स्वच्छ पाणी. वर उरे निकेल, शिसं, कोबाल्ट.

खर्च निघावा म्हणून धातू विकायचे, असं सुरुवातीला ठरलं होतं.

जिताडा आला त्याच्या पुढच्या वर्षी बोय आले, चिंबोऱ्या आल्या. खडकांवर कालवं धरली. हर्षालीने जेट्टीवर मोजयंत्र जोडलेली एक दिव्यांची पाटी बसवून घेतली. पाण्यातल्या धातूंचं प्रमाण ती सतत मोजायची आणि सगळं ठीक असलं की हिरवी दिसायची. बायका टोपल्या घेऊन कालवं फोडायला निघाल्या की आधी पाटीकडे बघायच्या. हर्षालीचा भाऊ योगेश साय काढायच्या यंत्रावर लागला आणि त्याचं लग्न झालं. वहिनी करिश्मा पलीकडच्या पाड्यातली, मोठ्याने हसणारी. तिला कालवं फार आवडायची. सासऱ्याने फोडून दिली की ती तिथेच अंगणात बसून खायची.

अशात एक दिवस डॉ. रेगेंनी हर्षालीला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. साठी उलटलेली ही बाई कधी उतावीळ होत नसे. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसत नव्हती.

"विसरायला लागलेत ते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आपले जिवाणू. बघ."

धातू पकडायची सगळी युक्ती जिवाणूच्या मूळ गुणसूत्रात नव्हती. ती एका वेगळ्या छोट्या कड्यावर लिहिलेली होती. हे कडं सांभाळायला ताकद लागते. पाण्यात विष असलं, तर कडं असलेलेच जगतात. पाणी स्वच्छ झालं, की ज्यांनी ते टाकून दिलं ते हलके होतात, भराभर वाढतात आणि बाकीच्यांना मागे टाकतात. खाडी जसजशी साफ होत गेली तसतसे तलावांमधले जिवाणू साधे, निरुपयोगी होत चालले होते. साय अजून धरत होती, पण तिच्यात आता फारसं काही नव्हतं.

"मग काय बिघडलं?" हर्षाली म्हणाली. "पाणी साफ आहे."

"आज आहे. उद्या वरून एखाद्या कारखान्याने टाकी सोडली तर? हे बघत बसतील. त्यांना तयार ठेवायचं असेल तर थोडं विष सतत द्यायला हवं."

त्याच आठवड्यात केंद्र चालवणाऱ्या कंपनीची बैठक झाली. प्रकल्पाचे संचालक वर्तक मऊ बोलणारे गृहस्थ होते, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे. त्यांनी सुचवलं की एक तलाव राखीव ठेवू. त्यात बाहेरून टँकरने दूषित पाणी आणून ओतू. जिवाणू तिथे पोसले जातील आणि बाकीच्या तलावांना तिथून विरजण लावत राहू. तलाव बंदिस्त असेल, खाडीत थेंबही जाणार नाही.

"एकच तलाव?" हर्षालीने विचारलं.

"एकच."

शास्त्र म्हणून त्यात चूक नव्हती. दुसरा उपाय तिलाही सुचत नव्हता. ती हो म्हणाली.

गावातून पहिला टँकर गेला तेव्हा हिराजी ओट्यावर जाळं विणत बसले होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कुणाचा पाणी हाय हा?"

"बाहेरचं आहे, आबा. जिवाणूंना लागतं."

"म्हंजे विष?"

"थोडंसं. त्यांना सवय राहायला."

हिराजींनी हातातली सुई थांबवली. "विष काढायला जंतू आणले. आता जंतूंना पोसायला विष आणायचा. मग यातून सुटायचा कधी गो?"

तिने कडं, गुणसूत्र, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग जाळ्यावर सुई पुन्हा चालू झाली.

एकाचे चार तलाव व्हायला फार काळ गेला नाही. जगात बॅटऱ्यांची भूक वाढत होती आणि कोबाल्ट महाग होत होता. तिवरपाड्याच्या सायीतून निघणारा कोबाल्ट खाणीतल्यापेक्षा स्वस्त पडत होता. मग सरकारने एक नवा नियम केला. खालच्या बाजूला एवढं मोठं केंद्र असताना वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याने स्वतःची शुद्धीकरणाची यंत्रणा चालवायची गरज नाही, पाणी थेट केंद्राला द्यावं. कारखान्यांनी आपापल्या यंत्रणा भंगारात काढल्या. पुढे दुसऱ्या जिल्ह्यांमधून सांडपाण्याचे नळ आले. हर्षालीने प्रत्येक बैठकीत हरकत घेतली. प्रत्येक वेळी वर्तक शांतपणे तिला विचारायचे, जेट्टीवरची पाटी कधी लाल झाली आहे का? ती कधीच झाली नव्हती.

सोडून जायचं तिच्या मनात यायचं. पण आपण गेलो तर आपल्या जागी येणारा माणूस या गावचा नसेल, त्याला इथे कुणाची पर्वा नसेल, असं तिला वाटायचं. ते खरंही होतं. म्हणून ती राहिली.

एके सकाळी योगेशचा केंद्रातून फोन आला. "ताई, साय फाटलीय."

ती गेली तेव्हा पहिल्या तलावावरचा काळा थर जागोजागी विरला होता आणि खालचं पाणी पेजेसारखं गढूळ दिसत होतं. दुपारपर्यंत दुसऱ्या तलावाचं तेच झालं. डॉ. रेगेंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना लावला आणि पडदा तिच्याकडे वळवला. जिवाणूंच्या अंगावर बारीक टाचण्या टोचाव्यात तसे कण चिकटलेले होते.

"विषाणू," रेगे म्हणाल्या. "जिवाणूंना होणारा."

माणसाला त्यापासून काही धोका नव्हता. तो एकाच जातीच्या जिवाणूला ओळखायचा, त्याच्या आत शिरायचा, आपल्या शेकडो प्रती करायचा आणि पेशी फोडून बाहेर पडायचा. निसर्गात अशी साथ फार पसरत नाही, कारण तिथे शेजारी वेगवेगळ्या जातीचे असतात. इथे मात्र एकाच जातीचे अगणित जिवाणू खेटून वाढवलेले होते. त्यातल्या प्रत्येकाच्या मुठीत धातू होता. पेशी फुटली की मूठ सुटत होती.

बैठक तलावाच्या काठावरच उभ्याने झाली.

"कारखाने बंद करा," हर्षाली म्हणाली. "आत्ता. पाणी यायचं थांबलं पाहिजे."

"त्यांच्याकडे स्वतःचं आता काहीच नाही," वर्तक म्हणाले. "नवीन यंत्रणा बसवायला महिने लागतील. तोवर सगळी वसाहत बंद ठेवायची? हजारो माणसं आहेत तिथे."

"तलाव तुडुंब आहेत. बांध फुटतील."

"म्हणून ओहोटीला तलावांचे दरवाजे उघडायला सांगितलंय. पाणी समुद्रात जाईल, विरळ होईल." त्यांनी जेट्टीकडे बोट केलं. "पाटी हिरवी आहे, हर्षाली. मी आत्ताच बघून आलो."

पाटी हिरवी का आहे हे तिला ठाऊक होतं. ती बसवली तिनेच होती. पाणी मोजण्याआधी ते बारीक गाळणीतून जायचं, नाहीतर चिखलाने यंत्र बिघडलं असतं. गाळणीपलीकडे जाई फक्त विरघळलेला धातू. आता जो धातू खाडीत चालला होता त्यातला बराचसा फुटलेल्या पेशींच्या चिंध्यांना चिकटलेला होता. चिंध्या गाळणीत अडकत होत्या आणि यंत्राला स्वच्छ पाणी दिसत होतं. कालवं मात्र पाणी गाळूनच जगतात. पाण्यातले असले कण हेच त्यांचं अन्न. आणि तळाच्या चिखलातल्या दुसऱ्या जमातीने पाऱ्याचं काय करून ठेवलं असेल, याचा विचार तिला करवत नव्हता. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात असे जिवाणू पाऱ्याला एक असं रूप देतात, जे अन्नातून रक्तात जातं आणि आईच्या रक्तातून पोटातल्या बाळात.

तिने हे सगळं वर्तकांना सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं.

"हा तुझा अंदाज आहे. मोजमाप हिरवं आहे," ते म्हणाले. "अंदाजावर मी लोकांना घाबरवणार नाही."

तिने रेगेंकडे पाहिलं. रेगे तलावाच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरत होत्या. "विषाणूला दाद न देणारा वाण मी करू शकते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मला थोडा वेळ हवाय, हर्षाली. आत्ता दंगा झाला तर केंद्र बंद होईल, आणि मग सगळंच खाडीत जाईल. कायमचं."

तेही चूक नव्हतं. हर्षाली तिथून निघाली आणि थेट जेट्टीवर गेली.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष काशिनाथ भोईर आणि आणखी काही माणसं तिथे होड्यांना डांबर लावत होती. तिने काहीही न लपवता सांगितलं. पाग टाकू नका. चिंबोऱ्या, कालवं, काही खाऊ नका. पाटीवर विश्वास ठेवू नका.

काशिनाथांनी ब्रश डब्यात ठेवला. "गेल्या महिन्यात तुझ्या कंपनीनं खालची खाडी मागितली. नवीन तलाव करायला. आम्ही नाय म्हटला. बरोबर?"

"बरोबर, काका. पण हे त्याच्यासाठी नाही..."

"आणि आज तू येतेस नि सांगतेस, मासेमारी बंद करा. आम्ही बंद केली, की खाडी रिकामीच. मग ती कुणाची?"

"काका, मी खरं सांगतेय."

"ती पाटी लावलीस तेव्हा पण खराच सांगत होतीस ना? हिरवी दिसली की बिनधास्त खा, हे तुझेच शब्द. मग खोटी कोण, तू का पाटी?"

कुणीतरी हसलं. हर्षालीने वडिलांकडे पाहिलं. ते होडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. ते डांबर लावत राहिले.

घरी आल्यावर ते बोलले. "मी एकदा तुझ्या शब्दावर गावाला घास भरवला. आता त्याच गावाला थुंका म्हणून सांगू?"

"हो."

"ऐकणार नायत."

"तुम्ही तरी ऐका, आबा. वहिनीला पाचवा महिना आहे."

हिराजींनी पाग गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "बरा. घरात येणार नाय खाडीतला काही."

त्यांनी शब्द पाळला. त्यांनी पाग अढ्याला टांगून ठेवली. बाजारातून गोड्या पाण्यातले मासे आणायला लागले. शेजारी टोमणे मारायचे, हिराजी तांडेल तळ्यातले मासे खातोय म्हणून. करिश्मानेही खाडीतलं काही तोंडात घातलं नाही. हर्षाली रोज नमुने गोळा करत होती, शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवत होती. अहवाल यायला वेळ लागत होता. आलेला अहवाल तिने आरोग्य खात्याला दिला. खात्याने केंद्राकडे खुलासा मागितला, आणि केंद्राने पाटीचे आकडे पाठवले.

दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट. हर्षाली एकदा घरामागे कपडे वाळत घालायला गेली. केळीच्या बुंध्याशी शिंपल्यांचा ढीग होता. काही जुने, पांढरे पडलेले, आणि वर ओले, ताजे.

ती घरात आली. हिराजी माजघरात बसले होते.

"आबा, मागे कालवांचे शिंपले कुठले?"

"ते होय." त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "पोरीला खूप इच्छा झालेली. डोहाळे ते, नाय कसा म्हणायचा? पण खाडीतली नायत हां. मी खाडीच्या तोंडाबाहेर गेलेलो, समुद्राकडच्या खडकांवर. पार तिकडे. दोन-तीन दिसांनी जायचो."

हर्षाली उभी होती तिथेच राहिली. ओहोटीला दरवाजे उघडत होते. ओहोटीचं पाणी पहिलं जाऊन लागत होतं ते त्या खडकांना. हे आपण वडिलांना सांगितलं नव्हतं. खाडी म्हणालो होतो. फक्त खाडी.

"काय झालं गो?" हिराजींनी विचारलं.

तिने सांगितलं. सांगण्यावाचून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. सांगत असताना हिराजींच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, जणू त्याला निघून जायचं कळलंच नव्हतं.

मुलगी झाली. वजन चांगलं होतं, जावळ दाट होतं. करिश्मा काही दिवस आनंदात होती. मग तिच्या लक्षात आलं की भांडं पडलं तरी बाळ दचकत नाही. मान धरायच्या वयात मान धरली नाही. नजर एका जागी ठरत नव्हती. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त आणि केस तपासले, आणि पाऱ्याचा आकडा योगेशच्या हातात दिला. योगेशने तो बहिणीला दाखवला नाही. तिने मागितलाही नाही. गावात त्या वर्षी जन्मलेली आणखीही काही बाळं तशीच होती. काशिनाथ भोईरांचा नातू त्यातलाच एक. ते एकदा हर्षालीच्या दारापर्यंत आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तसेच परत गेले.

चौकशी झाली. समितीने पाण्याचे आकडे तपासले, ते मर्यादेत होते. कालवांसाठी वेगळी मर्यादा ठरवावी, अशी शिफारस करून समिती परत गेली.

त्याआधीच रेगेंचा नवा वाण तयार होता. विषाणूला दाद न देणारा, पूर्वीपेक्षा जास्त धातू धरणारा. त्यांनी आपला शब्द खरा केला होता. तलावांवर पुन्हा साय धरली. खाडीच्या तळाशी आता इतका धातू साचला होता, की कंपनीने तो गाळ उपसून तलावांमधून फिरवायची नवी योजना आखली. वर्तकांनी सांगितलं, तिवरपाड्याच्या गाळात कोबाल्टचं प्रमाण कित्येक खाणींपेक्षा चांगलं आहे. खालच्या खाडीला आता कुणी नाही म्हटलं नाही. सोसायटीने ती देऊन टाकली. मासे कुणाला हवे होते?

रेगे बदलून दुसऱ्या, मोठ्या प्रकल्पावर गेल्या. जाताना त्यांनी हर्षालीचा हात हातात घेतला. "मी काय वेगळं करायला हवं होतं, सांग," त्या म्हणाल्या. त्या खरोखरच विचारत होत्या. 

तिने राजीनामा लिहिला होता. तो द्यायच्या आदल्या दिवशी ती हिराजींपाशी बसली. नात त्यांच्या मांडीवर होती. ते तिच्या तळव्यांना खोबरेल चोळत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

"सोडतेय मी, आबा."

ते चोळत राहिले. "नको सोडू."

"मी तिथे राहून काय केलं?"

"काय नाय केलंस. पण आता ती साय उद्या परत फाटली, तर ती फाटली हे बघायला तरी कुणी हवा. दुसरा कोण बघणार?"

"बघून काय होणार? मागच्या वेळी मी सांगितलंच होतं."

"होय," हिराजी म्हणाले. "सांगितलं होतंस." त्यांनी नातीचा दुसरा पाय हातात घेतला.  हर्षालीने राजीनामा दिला नाही. देऊन काय होईल, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि न देऊन काय होईल तेही नाही.

त्याच हिवाळ्यात घाटावरच्या बेलोंडी नावाच्या गावाहून काही माणसं केंद्र बघायला आली. त्यांच्या ओढ्यात बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्यांचं शिसं उतरत होतं. कंपनीने तिथे केंद्र उभारायचं ठरवलं होतं आणि गावाची संमती हवी होती. वर्तकांनी पाहुण्यांना तलाव दाखवायचं काम हर्षालीवर सोपवलं.

पाहुण्यांच्या पुढे सरपंच सगुणा माने होत्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात जड वहाणा. त्यांनी सगळं बघितलं. तलाव, यंत्रं, वाळवलेल्या सायीच्या वड्या, आम्लाच्या टाक्या. मग बाकीची माणसं चहाला गेली तेव्हा त्या हर्षालीपाशी थांबल्या.

"ताई, तुमी हितल्याच न्हवं? मग खरं सांगा. पानी साफ हुतं का?"

"होतं," हर्षाली म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. दोन-तीन वर्षांत ओढा नितळ होईल. मासे येतील." मग ती थांबली नाही. जिवाणू कसे विसरतात ते सांगितलं. मग बाहेरून टँकर येतील. मग तुमच्याकडचे कारखाने आपल्या यंत्रणा मोडून टाकतील. ओढा साफ ठेवायचा असेल तर तो घाण ठेवावा लागेल, आणि एक दिवस साय फाटेल. आपल्या घरी काय झालं तेही सांगितलं. भाचीचं नावही सांगितलं. केंद्राच्या आवारात उभं राहून, कंपनीच्या गणवेशात, तिने कुणाचीही पर्वा न करता सगळं सांगितलं. "सही करू नका," ती म्हणाली. "नाहीतर आधी लिहून घ्या. बाहेरचं पाणी येणार नाही, कारखान्यांची यंत्रणा बंद होणार नाही. लिहून दिल्याशिवाय नको."

सगुणाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लिवून मागितलं आमी," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनले ते. तसं आसंल तर दुसऱ्या गावाला देतो म्हनले."

"मग देऊ दे दुसऱ्याला."

"आन आमी?" सगुणाबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि एक फोटो दाखवला. शाळेच्या ओट्यावर ओळीने बसलेली मुलं. "ह्यातल्या निम्म्यांच्या रगतात शिसं हाय. माझी धाकटी ही. पयलीला दोनदा बसली, अक्षरं ध्येनात ऱ्हात न्हाईत तिच्या. तुमी सांगताय ते दहा वर्सानी हुईल. मला पटलं, ताई, तुमी खोटं बोलंना झालाय. पर ही पोरं आत्ता हैत."

हर्षालीने फोटो पाहिला. त्या धाकटीने वेणीला लाल रिबिन बांधली होती आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

"दुसरं कायी हाय का तुमच्यापाशी?" सगुणाबाईंनी विचारलं. "दुसरा कुठला उपाय? आसंल तर सांगा. मी आत्ता म्हागारी जाते."

हर्षालीकडे दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळच्या आत सह्या झाल्या. प्रथा अशी होती, की नव्या केंद्राचं विरजण तिवरपाड्याहून जायचं आणि पाहुण्यांनीच ते बरोबर न्यायचं. हर्षाली थंड खोलीत गेली. फळीवर ओळीने बाटल्या होत्या. तिने एकेक उजेडात धरून बघितली. ज्यांची वाढ मंद होती त्या तिने बाजूला ठेवल्या. शिशासाठी चांगला म्हणून वेगळा ठेवलेला एक वाण होता, तिने स्वतः वाढवलेला. त्यातली सगळ्यात दाट बाटली तिने घेतली, बर्फाच्या डब्यात नीट बसवली आणि झाकण लावलं.

सगुणाबाई गाडीत पुढे बसल्या होत्या. हर्षालीने खिडकीतून डबा आत दिला.

"घाटात धक्के बसतील," ती म्हणाली. "खाली ठेवू नका."

सगुणाबाईंनी डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.